रूळ, वेग आणि माणूस : मुंबईच्या उपनगरीय लोहमार्गावरील मृत्यूंची कारणमीमांसा

प्रस्तावना

दिनांक १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे या सुमारे ३४ किलोमीटर अंतरावर भारतातील पहिली प्रवासी आगगाडी धावली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी याच महानगरात व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर पहिली विद्युत गाडी सुरू झाली. मुंबईच्या वाढीचा इतिहास हा बहुतांशी या दोन रुळांच्या लांबीचा इतिहास आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. २०२० च्या महासाथीपूर्वी उपनगरीय गाड्यांतून दररोज सुमारे ७५ लक्ष प्रवासी ये-जा करीत असत. मात्र ज्या रुळांनी हे शहर उभे केले, त्याच रुळांवर दरवर्षी हजारो माणसे प्राणास मुकतात, ही या इतिहासाची दुसरी बाजू होय.

रेल्वे अपघात म्हटले की सामान्य वाचकाच्या डोळ्यांसमोर दोन गाड्यांची टक्कर किंवा रुळांवरून घसरलेले डबे येतात. रेल्वेची अधिकृत वर्गवारीदेखील साधारणपणे हीच आहे. टक्कर, घसरण, आग, फाटकावरील धडक यांना ‘गाडीचा अपघात’ म्हणून नोंदविले जाते. रूळ ओलांडताना गाडीखाली सापडलेला मनुष्य या गणनेत येत नाही. तो ‘अनधिकृत प्रवेश करणारा’ ठरतो व त्याचा मृत्यू वेगळ्या वहीत नोंदला जातो. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे सुरक्षा आढावा समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये सादर केलेल्या अहवालात या दुसऱ्या वहीकडे लक्ष वेधले. अनधिकृतपणे रूळ ओलांडल्यामुळे देशात दरवर्षी सुमारे १५,००० माणसे मृत्युमुखी पडतात व त्यांपैकी सुमारे ६,००० केवळ मुंबईच्या उपनगरीय क्षेत्रात मरतात, असे समितीने नमूद केले आणि कोणत्याही सुसंस्कृत समाजाला हा संहार मान्य होण्याजोगा नाही, असा अभिप्राय दिला. अलीकडे, २०२३ या एका वर्षात मुंबई उपनगरीय मार्गावर अडीच हजारांहून अधिक मृत्यू झाल्याची आकडेवारी मुंबई उच्च न्यायालयासमोर आली. हे दोन आकडे एकाच गणनेचे नसल्यामुळे त्यांची वजाबाकी करून सुधारणेचे प्रमाण काढणे योग्य होणार नाही. तथापि, दिवसाला सरासरी सात मृत्यू हा आकडाही कमी भयावह नाही.

प्रस्तुत लेखात या मृत्यूंच्या कारणांचा विचार करावयाचा आहे. ‘लोक बेशिस्त आहेत’ हे उत्तर सर्वांच्या ओठांवर तयार असते. ते सर्वस्वी खोटे नाही. परंतु ज्या गोष्टीचा उलगडा व्हावयास हवा, तिच्यावर ते पडदा टाकते. दररोज तोच रूळ ओलांडणारा, कुटुंबवत्सल, सावध मनुष्य एखाद्या दिवशी गाडीचा अंदाज चुकून मरतो, तेव्हा त्याचा अंदाज नेमका कशामुळे चुकला, हा खरा प्रश्न आहे.

गाडी थांबत का नाही?

प्रथम गाडीच्या बाजूने विचार करू. रस्त्यावरील मोटार व रुळावरील गाडी यांच्यातील मूलभूत भेद चाकांच्या पकडीचा आहे. रबरी टायर व डांबरी रस्ता यांच्यात घर्षण मोठे असते, तर पोलादी चाक व पोलादी रूळ यांच्यात ते पुष्कळच कमी असते. रेल्वेची सारी आर्थिक किफायत या कमी घर्षणातच आहे. थोड्या शक्तीत शेकडो टन वजन ओढले जाते ते यामुळेच. परंतु जे घर्षण चालताना आड येत नाही, ते थांबतानाही साहाय्यास येत नाही. ब्रेक कितीही जोराने दाबले तरी चाक रुळाला जेवढे धरील, तेवढाच वेग कमी होतो. त्याहून अधिक जोर केल्यास चाक फिरायचे थांबून रुळावरून घसरू लागते. पावसाळ्यात ओल्या रुळांवर ही पकड आणखी कमी होते.

उपनगरीय गाडीचे ब्रेक तुलनेने चांगले असतात. विद्युत-नियंत्रणामुळे ते सर्व डब्यांत जवळजवळ एकाच वेळी लागतात. तरीही दर सेकंदाला सेकंदी ०.८ मीटर या दराने वेग कमी होतो असे धरले, तर ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी सुमारे १७५ मीटर व ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी सुमारे ४८० मीटर अंतर कापल्यावरच थांबते. वेग दुप्पट झाला की थांबण्याचे अंतर चौपट होते, हा शाळेतील भौतिकशास्त्राचा नियम येथे अक्षरशः जीवघेणा ठरतो. लांब पल्ल्याच्या गाडीत ब्रेकच्या नळीतील हवेचा दाब इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत क्रमाक्रमाने उतरतो, त्यात काही सेकंद जातात. ताशी ११० किलोमीटर वेगाची अशी गाडी थांबण्यास सुमारे एक किलोमीटर लागतो. मोटरमनला माणूस दिसतो तो बहुधा याहून पुष्कळ कमी अंतरावर. त्याला गाडी बाजूला घेता येत नाही. भोंगा वाजविणे व ब्रेक दाबणे याखेरीज त्याच्या हाती काहीही नसते. आपल्या सेवाकाळात अनेक मृत्यू डोळ्यांदेखत पाहिलेल्या या कर्मचाऱ्यांच्या मनःस्थितीचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही, हे येथे ओघाने नमूद करणे आवश्यक वाटते.

डोळ्यांची फसवणूक

आता रूळ ओलांडणाऱ्याच्या बाजूने पाहू. आपल्याकडे समोरून येणाऱ्या वस्तूचा वेग डोळा थेट मोजत नाही. वस्तूची प्रतिमा किती झपाट्याने मोठी होत आहे, यावरून तो वेगाचा अंदाज बांधतो. येथेच घात होतो. उपनगरीय गाडीचा डबा ३,६६० मिलिमीटर, म्हणजे बारा फूट रुंद असतो. ५०० मीटरवर असताना या गाडीची रुंदी आपल्या डोळ्याशी अर्ध्या अंशाहूनही लहान कोन करते. हात लांब करून अंगठा समोर धरला तर त्याची रुंदी साधारण दोन अंश भरते. म्हणजे ५०० मीटरवरील गाडी अंगठ्याच्या पाचव्या हिश्श्याएवढी दिसते. ताशी ८० किलोमीटर वेगाने ती २५० मीटरवर येईपर्यंत अकरा सेकंद जातात व तेवढ्या काळात तिची प्रतिमा अर्ध्या अंशानेही वाढत नाही. पाहणाऱ्यास गाडी जवळजवळ जागच्या जागी उभी असल्याचा भास होतो. गाडी अंगठ्याएवढी दिसू लागते तेव्हा ती १०० मीटरवर आलेली असते आणि त्या क्षणी हाती केवळ साडेचार सेकंद उरलेले असतात. त्यानंतर प्रतिमा एकाएकी फुगते, परंतु तोवर निर्णय घेऊन झालेला असतो.

या फसवणुकीत आणखी एका भ्रमाची भर पडते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हर्शेल लायबोविट्झ यांनी १९८५ साली रेल्वे फाटकांवरील अपघातांचा विचार करताना असे मत मांडले की, मोठ्या आकाराची वस्तू त्याच वेगाच्या लहान वस्तूपेक्षा मंद गतीने जात असल्यासारखी भासते. विमानतळावर उतरणारे प्रचंड विमान आकाशात रेंगाळत असल्यासारखे वाटते, हा अनुभव अनेकांना असेल. रस्ता ओलांडताना रिक्षा व मोटारींच्या आकारावर घडविलेला आपला अंदाज आगगाडीला लावणे म्हणूनच धोक्याचे आहे. ज्याने हजार वेळा सुखरूप रूळ ओलांडले आहेत, त्याचा अंदाज अनुभवाने सुधारत नाही. उलट ‘आपला अंदाज बरोबर असतो’ हा विश्वासच तेवढा वाढतो.

ओलांडण्यास किती वेळ लागतो, याचाही हिशेब कोणी करीत नाही. दोन रुळांमधील अंतर ब्रॉडगेजवर १,६७६ मिलिमीटर असते, तर डबा ३,६६० मिलिमीटर रुंद. अर्थात गाडी रुळाच्या दोन्ही बाजूंस जवळजवळ एकेक मीटर बाहेर डोकावते. रुळाबाहेर पाऊल ठेवले म्हणजे सुटलो, ही समजूत चुकीची आहे. दोन मार्ग पार करण्यासाठी सुमारे आठ मीटर चालावे लागते व खडीवरून, चपलेने, हातात पिशवी घेऊन सेकंदाला एक मीटरपेक्षा अधिक वेग साधत नाही. त्या आठ सेकंदांत ताशी ८० किलोमीटर वेगाची गाडी १७८ मीटर पुढे येते. मुंबईत अनेक ठिकाणी मार्ग चार आहेत. तेथे हा काळ सोळा सेकंदांवर जातो.

चार मार्गांच्या ठिकाणी ‘दुसरी गाडी’ हे मृत्यूचे एक ठरावीक कारण आहे. एक गाडी जाईपर्यंत मनुष्य शहाण्यासारखा थांबतो आणि तिचा शेवटचा डबा पुढून सरकताच पाऊल टाकतो. त्याच वेळी विरुद्ध दिशेने येणारी गाडी पहिल्या गाडीच्या आड दडलेली असते, तिचा आवाज पहिलीच्या आवाजात मिसळून गेलेला असतो. काही जण अशा वेळी दोन मार्गांच्या मधल्या जागेत उभे राहतात. जुन्या मार्गांवर दोन रूळजोड्यांच्या मध्यांतील किमान अंतर ४,२६५ मिलिमीटर आहे. त्यातून डब्याची रुंदी वजा केली, तर दोन गाड्यांमध्ये उरणारी जागा ६०५ मिलिमीटर, म्हणजे दोन फुटांहून कमी भरते. नव्या कामांसाठी हे अंतर ५,३०० मिलिमीटर ठरविण्यात आले आहे, परंतु शंभर वर्षांपूर्वी आखलेले मार्ग सरकविता येत नाहीत.

कानांवरील विश्वासही आता पूर्वीसारखा उपयोगाचा राहिलेला नाही. पूर्वी रुळांना ठरावीक अंतरावर सांधे असत व त्यांवरून चाक जाताना होणारा खडखडाट दुरून गाडीची वर्दी देई. आता रूळ वितळजोडाने लांबलचक अखंड केले गेले आहेत, वाफेचे इंजिन कधीच गेले आहे आणि विजेची गाडी समोरून येताना आश्चर्यकारकरीत्या शांत असते. त्यात कानांत हेडफोन असल्यास काय होते, हे सांगण्याची गरज नाही. ‘गाडी आली तर कळेलच’ असे म्हणणारी वडीलधारी माणसे वाफेच्या इंजिनाच्या काळातील ज्ञान पुढच्या पिढीस देत असतात.

वडाळ्याचा प्रयोग

मानवी आकलनाच्या या मर्यादा गृहीत धरून उपाय करण्याचा एक उल्लेखनीय प्रयत्न २०१० च्या सुमारास हार्बर मार्गावरील वडाळा येथे झाला. वर्तनशास्त्राच्या अभ्यासकांच्या एका सल्लागार संस्थेने रेल्वेच्या सहकार्याने तीन साधे बदल केले. ठरावीक अंतरावरील स्लीपर पिवळ्या रंगाने रंगविले गेले, जेणेकरून गाडीखाली ते किती झरझर नाहीसे होतात हे पाहून वेगाचा अंदाज यावा. मोटरमनांना एका दीर्घ भोंग्याऐवजी दोन तुटक भोंगे वाजविण्यास सांगण्यात आले. अखंड आवाजाला मेंदू सरावतो, परंतु मध्येच आलेली शांतता त्याचे लक्ष वेधते, ही त्यामागील कल्पना. तिसरा बदल म्हणजे ‘रूळ ओलांडणे हा गुन्हा आहे’ या पाटीऐवजी गाडीखाली सापडणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरील भीतीची छायाचित्रे लावण्यात आली. तेथील मृत्यूंची संख्या या काळात घटल्याचे सांगण्यात आले. एका स्थानकावरील अल्पकाळाच्या निरीक्षणावरून मोठा सिद्धान्त मांडता येत नाही हे खरे असले, तरी या प्रयोगाची दृष्टी महत्त्वाची होती. माणसाला दोषी न ठरविता त्याची चूक कोठे होते, हे शोधण्याचा तो प्रयत्न होता.

पूल असूनही रूळ का?

पादचारी पूल असताना लोक रूळ ओलांडतात, ही तक्रार नेहमीची आहे. परंतु पूल कोठे आहे, हे कोणी विचारीत नाही. बहुतेक पूल स्थानकाच्या फलाटांना जोडलेले असतात. दोन स्थानकांच्या मध्ये, रुळाच्या एका बाजूस वस्ती व दुसऱ्या बाजूस पाण्याचा नळ, शौचालय, शाळा किंवा बाजार अशी परिस्थिती असेल, तर एक-दोन किलोमीटरचा वळसा घालणे हे दिवसातून चार वेळा करण्याचे काम नव्हे. ज्या वस्तीत शौचालयाची सोय नाही, तेथील माणसे पहाटेच्या अंधारात रुळांकडे जातात, हे सर्वांना ठाऊक आहे. अशा मृत्यूला रेल्वेचा प्रश्न म्हणावे की नगररचनेचा?

शिवाय पूल म्हणजे सुरक्षितता हे समीकरणही निरपवाद नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड (२०१८ पासून प्रभादेवी) स्थानकाच्या अरुंद पुलावर पावसामुळे दाटी होऊन चेंगराचेंगरीत २३ जणांचा मृत्यू झाला. प्रस्तुत लेखकाने आपल्या वर्गातील विद्यार्थ्यांना एकदा ‘पुलाने का जात नाही?’ असे विचारले असता, पहिल्या तासाला उशीर झाल्यास हजेरी लागत नाही, असे उत्तर मिळाले. त्या उत्तरावर काय बोलावे, हे लेखकास सुचले नाही.

दारातील प्रवासी

रूळ ओलांडणाऱ्यांच्या खालोखाल मृत्यू होतात ते धावत्या गाडीतून पडून. गर्दीच्या वेळी उपनगरीय डब्यात एक चौरस मीटर जागेत चौदा ते सोळा माणसे उभी असतात. अशा डब्यात दारात लोंबकळणे ही हौस नसून उरलेली एकमेव जागा असते. ९ जून २०२५ रोजी दिवा-मुंब्रा दरम्यानच्या वळणावर विरुद्ध दिशांनी जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांतील प्रवासी एकमेकांना घासून खाली पडले व किमान चार जणांचा मृत्यू झाला. वर दिलेली दोन फुटांची जागा येथे आठवावी. वळणावर लांब डब्याचा मध्य आतल्या बाजूस व टोके बाहेरच्या बाजूस सरकतात, रुळांना दिलेल्या उतारामुळे डबा कलतो आणि त्यात दोन्ही दारांबाहेर पाठीवरच्या पिशव्यांसह माणसे असतील, तर ती जागा उरतच नाही. आपोआप बंद होणाऱ्या दारांची वातानुकूलित गाडी २५ डिसेंबर २०१७ पासून पश्चिम रेल्वेवर धावू लागली. मुंब्रा येथील घटनेनंतर साध्या गाड्यांनाही अशी दारे बसविण्याचा निर्णय रेल्वेने जाहीर केला. मात्र दारे बंद करावयाची तर डब्यात हवा खेळती राहिली पाहिजे आणि दारात उभे राहणाऱ्यांना आत जागा मिळाली पाहिजे. गाड्यांची संख्या वाढविल्याशिवाय दुसरी गोष्ट साधणार नाही.

छतावरून प्रवास करणाऱ्यांचा धोका विजेचा आहे. मुंबईत पूर्वी १,५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह होता. त्याचे रूपांतर २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहात होत गेले व मध्य रेल्वेच्या हार्बर मार्गावर २०१६ मध्ये हे काम पूर्ण झाले. या दाबाची तार स्पर्शाची वाट पाहत नाही. हवेतून ठिणगी उडून ती शरीर गाठू शकते, म्हणून अशा तारांपासून किमान दोन मीटर अंतर राखण्याचा नियम आहे. उभ्या मालगाडीच्या वाघिणीवर चढून छायाचित्र काढणाऱ्या मुलांना हे कोणी सांगितलेले नसते.

मुंबईबाहेरील दोन घटना

८ मे २०२० रोजी पहाटे औरंगाबादजवळ (आता छत्रपती संभाजीनगर) करमाड परिसरात मालगाडीखाली सापडून १६ स्थलांतरित मजूर ठार झाले. जालना येथून मध्य प्रदेशातील आपल्या गावी जाण्यासाठी ते भुसावळच्या दिशेने रुळांच्या कडेने चालत निघाले होते. टाळेबंदीत गाड्या बंद आहेत, या समजुतीने थकून ते रुळांवरच झोपले. प्रवासी गाड्या बंद होत्या, मालगाड्या चालू होत्या. चालकाने त्यांना पाहून गाडी थांबविण्याचा प्रयत्न केला, परंतु अंतर पुरले नाही. २२ जानेवारी २०२५ रोजी जळगाव जिल्ह्यात परधाडे स्थानकाजवळ पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याच्या अफवेने साखळी ओढली गेली, घाबरलेले प्रवासी शेजारच्या मार्गावर उतरले आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्सप्रेसखाली किमान १२ जण सापडले. गाडीतून उतरलेल्या माणसाला शेजारचा रूळ मोकळ्या जमिनीसारखा वाटतो, हे यातून दिसते. धोक्याच्या प्रसंगी कोणत्या बाजूने उतरावे, ही सूचना डब्यात लिहिलेली क्वचितच आढळते.

कायद्यातील दोन माणसे

रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ नुसार रेल्वेच्या हद्दीत अनधिकृत प्रवेश करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद अथवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. याच अधिनियमातील कलम १२४-अ प्रवाशाचा गाडीतून अपघाताने पडून मृत्यू झाल्यास, रेल्वेची चूक असो वा नसो, नुकसानभरपाई देते. आत्महत्या, स्वतःहून केलेली इजा, नशा, आजार अशा काही अपवादांखेरीज तिला मर्यादा नाही. मृत्यूबद्दलची ही रक्कम १ जानेवारी २०१७ पासून आठ लाख रुपये आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली प्रभाकरन विजय कुमार प्रकरणात रेल्वेचे हे दायित्व प्रवाशाच्या निष्काळजीपणावर अवलंबून नसल्याचे स्पष्ट केले.

परिणामी एकाच स्थानकाच्या हद्दीत, एकाच दिवशी, पन्नास पावलांच्या अंतरावर मरण पावलेली दोन माणसे कायद्याच्या दृष्टीने पूर्णतः भिन्न ठरतात. दारातून पडलेला प्रवासी असतो, रूळ ओलांडणारा गुन्हेगार असतो. हा भेद तत्त्वतः समजण्यासारखा आहे. अडचण अशी की पुष्कळदा मृत्यू कोणी पाहिलेला नसतो. रुळांच्या बाजूस पडलेला देह गाडीतून पडलेल्याचा की ओलांडणाऱ्याचा, हे लोहमार्ग पोलिसांना पंचनाम्यात देहाची जागा, जखमांचे स्वरूप आणि खिशातील तिकीट किंवा पास यांवरून ठरवावे लागते. पाकीट वाटेत नाहीसे झाले असेल, तर पासही नाहीसा झालेला असतो. कमावता मुलगा गेलेल्या कुटुंबाचे पुढील आयुष्य त्या एका ओळीवर अवलंबून राहते. २०१८ साली रिना देवी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने यासंबंधी निर्णय दिला. केवळ तिकीट सापडले नाही एवढ्यावरून मृत व्यक्ती प्रवासी नव्हती असे मानता येणार नाही. दावेदाराने वस्तुस्थितीचे शपथपत्र दाखल केल्यावर पुराव्याची जबाबदारी रेल्वेकडे जाते. रेल्वे दावे न्यायाधिकरणापुढे जाणाऱ्या अनेक कुटुंबांना या निर्णयाची माहिती नसते आणि पंचनाम्याची प्रत मागण्यापासूनच त्यांची सुरुवात होते.